खेकडा, झुरळ आणि रजेवरचे सर

सुरतेतल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात एक खोली होती. तिच्या दारावर ज्यांच्या नावाची पाटी होती ते गृहस्थ आत नसत, आणि जे आत बसत त्यांच्या नावाची पाटी नव्हती. पाटीवरचे साहेब एका वर्षासाठी अमेरिकेला गेले होते. ते वर्ष अजून चालूच होतं. त्यांच्या रजेच्या जागेवर तात्पुरते म्हणून आमचे सर लागले, आणि तात्पुरतेपणातच त्यांचे केस पिकले. एखादा नवखा माणूस दारात डोकावून पाटीवरचं नाव घ्यायचा आणि विचारायचा, "आपणच का?" सर उठून उभे राहत, अदबीने म्हणत, "नाही. मी त्यांची रजा."

मी भेस्तानहून यायचो. वडील लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मागावर होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे तिथे कशाला हसायचं आणि काय गंभीरपणे घ्यायचं, हे मला लवकर कळत नसे. बाकीची मुलं सरांना हसायची. मी सगळं उतरवून घ्यायचो.

सर मूळचे अमरावतीकडचे. इतकी वर्षं सुरतेत राहूनही त्यांचं 'काहून' आणि 'बाप्पा' सुटलं नव्हतं. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. राहायचं ते कोण कुठून येतं एवढंच. म्हणून वर्गात हजेरीऐवजी रेल्वेचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाटायचं. "कोसाड आला का? चलथाण कुठाय? काहून रे भेस्तान, आज तोंड उतरलं?" वर्गातली एक मुलगी कॉलेजच्या समोरच राहायची. तिला ते 'समोर' म्हणत.

शर्टाच्या खिशात पेन नसायचं, काडेपेट्या असायच्या. सर विडी ओढत नसत. त्या काडेपेट्यांत प्राण्यांनी टाकलेल्या काती होत्या. झुरळाची, नाकतोड्याची, कोळंबीची, आणि एकीत विंचवाच्या पिल्लाची. या सगळ्यांचं कातडं म्हणजे कडक कवच असतं. अंग वाढतं, कवच वाढत नाही. मग जुनं फोडून बाहेर पडायचं, नवं कवच कडक होईपर्यंत मऊ अंगाने कुठेतरी दडून बसायचं. हे सर इतक्या जिव्हाळ्याने सांगायचे की स्वतः दोन-तीनदा त्यातून गेल्यासारखे वाटत.

जगातल्या कुठल्याही बदलाबद्दल त्यांचा एकच प्रश्न असे. प्राचार्यांनी इमारतीला गुलाबी रंग दिला, नवा अभ्यासक्रम आला, एक नगरसेवक या पक्षातून त्या पक्षात गेला. सर विचारायचे, "कात टाकली, का नुसता रंग दिला?" अभ्यासक्रमाबद्दल त्यांनी हे प्राचार्यांनाच विचारलं. प्राचार्य म्हणाले, "आपण तात्पुरते आहात, हे लक्षात असू द्या." सर म्हणाले, "पाटी रोज आठवण करून देते."

विभागात मातीच्या कुंडीत त्यांचा एक खेकडा असायचा. तो कात टाकायचा त्या दिवशी सर्व तास कुजबुजत होत. "आज तो मऊ आहे," सर घसा न वापरता सांगत, "मोठ्यानं बोलू नका." मग साठ मुलांचा वर्ग गर्भवती बाईच्या खोलीत शिरल्यासारखा चवड्यांवर चालायचा. शेजारच्या वर्गातले रसायनशास्त्राचे सर एकदा पाहायला आले, की इतकी शांतता कशी. त्यांना वाटलं, आम्ही संपावर आहोत.

सरांचा खरा विषय कात नव्हता, कात टाकायला लावणारं हॉर्मोन होता. त्यातही हॉर्मोन नाही, ते तयार करणारी एन्झाइमं. त्यांचं म्हणणं असं की झुरळाच्या आणि खेकड्याच्या पोटात एकच माल निघतो. खाण्यातून आलेलं कोलेस्टेरॉल कच्चा माल, आणि मग एकामागून एक टप्पे. प्रत्येक टप्प्यावर एक एन्झाइम उभं. त्याने आपलं काम केलं की माल पुढच्याकडे. एकजण गैरहजर, की सगळं काम तिथेच अडलं आणि प्राणी जुन्याच कवचात गुदमरून मेला. "आता सांगा," सर म्हणत, "झुरळ जमिनीवर, खेकडा पाण्यात. दोघांच्या कारखान्यात एकच रांग कशी? कोणी कोणाची नक्कल केली?" मग उत्तरही तेच देत. "कोणीच नाही केली, बाप्पा! रांगच जुनी आहे. झुरळ झुरळ व्हायच्या आधीची. खेकडा खेकडा व्हायच्या आधीची." त्या काळी माल कळला होता, टप्पे बरेचसे कळले होते, पण टप्प्यावर नेमकं कोण उभं आहे ते पुस्तकांनाही नीट माहीत नव्हतं. सरांना त्याचीच तळमळ होती. नवी एन्झाइमं येतात कुठून, जुनी रांग न मोडता नवं काम कोण शिकतं, हे त्यांना वर्गाला समजावता येत नव्हतं. फळ्यावर बाण काढायचे आणि पुसायचे.

ते त्यांना समजावता येऊ लागलं ते माझ्या गैरहजेरीमुळे.

अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आप्पा, म्हणजे माझे वडील, गावी गेले होते. खानदेशातला माणूस सुरतेत कितीही मुरला तरी अखाजीला गावाला जातोच. पण माग रिकामा ठेवून जाता येत नाही. रिकामा माग दिसला की शेठ दुसरा माणूस उभा करतो. म्हणून जाणारा आपल्याच भावाला, पुतण्याला, मुलाला बदलीवर ठेवून जातो. त्या वेळी मी उभा राहिलो. परत कॉलेजात आलो तेव्हा सरांनी विचारलं, "भेस्तान, कुठं दडला होता? मऊ होता का?"

"नाही सर. बदलीवर होतो."

"म्हणजे?"

मी घाबरत सगळं सांगितलं. मग काकाचंही सांगितलं, कारण सर मान हलवत होते आणि थांबावं कुठे ते मला कळेना. काका असाच आप्पांच्या बदलीवर म्हणून आला. आप्पा परत आल्यावर त्याने जायला हवं होतं. पण त्याचा हात बसला होता, शेठने ठेवून घेतला. एका मागाला दोन माणसं झाली. एकजण साधं कापड काढत होताच. मग दुसऱ्याला चुकायची मुभा मिळाली. तो रिकाम्या वेळी नक्षीच्या मागाशी खटपट करायला लागला. आधी धागे तोडले, शिव्या खाल्ल्या. आता काका नक्षीचं कापड काढतो आणि आप्पा साधंच. पण दोघांचा हात मूळचा एकच. चालता माग लांबून ऐकला तर कोणता कोणाचा, त्यांची मायही सांगू शकत नाही.

सर खुर्चीतून उठले. त्यांनी खिशातल्या काडेपेट्या टेबलावर ठेवल्या, आणि मला नमस्कार करतील की काय अशी भीती वाटली. ते म्हणाले, "भेस्तान, तू मला काय दिलं ते तुले माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून उत्क्रांती भेस्तानमध्ये घडू लागली. एखाद्या एन्झाइमचा साचा, म्हणजे जनुक, चुकून दोनदा छापला जातो. एक प्रत जुनं काम सांभाळते. दुसरी बदलीवरची; तिला चुकायची मुभा. बहुतेक प्रती चुकून चुकून निकामी होतात, गावाला परत जातात. पण एखादी नवं काम शिकते आणि कायमची राहते. खाण्यातलं विष साफ करणारी एन्झाइमं आणि हॉर्मोन बनवणारी एन्झाइमं एकाच भावकीतली, असं सर सांगत. "एक भाऊ झाडू मारतो, दुसरा नक्षी काढतो. चेहरा पाहा, एकच!" बालपण टिकवणाऱ्या दुसऱ्या एका हॉर्मोनचं तर त्यांनी सुरतेला शोभेल असं करून टाकलं. खेकडा शेवटच्या टप्प्याच्या आधीचाच माल वापरतो. कीटकांत आणखी एक कामगार लागला, तो त्यावर शेवटचा हात फिरवतो. "खेकडा ग्रे कापडच नेसून बसतो," सर म्हणत. "झुरळाला मात्र प्रोसेसिंग करून लागतं." मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला ग्रे म्हणतात आणि रंगाई-छपाईला प्रोसेसिंग, हे सुरतेत कोणाला सांगावं लागत नाही. पहिल्यांदाच अख्खा वर्ग हसला आणि सगळ्यांना कळलंही.

घरी मी आप्पांना सांगितलं की सर वर्गात आपल्या बदलीवर शिकवतात. आप्पांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "तुन्हा सर याडा शे का रे?"

"नाही आप्पा. हुशार आहेत."

"मंग कायम काबर नही?"

कायम का नाहीत, हा प्रश्नही मी वहीत उतरवून घेतला.

सर नदीपलीकडे एका सोसायटीत राहत. सोसायटी कडक शाकाहारी, आणि सरही इतके शाकाहारी की अंड्याचा केक समोर आला तर खुर्ची मागे सरकवत. पण रोज सकाळी ते मच्छी बाजारात जात आणि कोळणींकडे कवच नुकतं टाकलेला खेकडा मागत. मऊ खेकडा कोणी घेत नाही. कोळणी त्यांना पाहिलं की एकमेकींना हाका मारत, "नरमवाळा काका आव्या!" तो खेकडा पिशवीतून घरी यायचा आणि मोरीत राहायचा. मोरीत खेकडे कधी तीन, कधी सहा. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आंघोळीआधी बाहेरून दार वाजवून मग आत जात. त्या एकदा मला चहा देताना म्हणाल्या, "यांना एकदाचं कायम करू द्या बाबा. कायम झाले तर कॉलेज काचेची टाकी घेऊन देणार आहे. यांना टाकी मिळेल, मला माझी मोरी मिळेल." सर म्हणाले, "आणि पाटी." काकू म्हणाल्या, "पाटीचं काय एवढं?" सर खेकड्याला पाणी घालायला गेले.

सोसायटीत बातमी पसरली की वरच्या मजल्यावरचे मराठी साहेब रोज लपून खेकडे खातात. चेअरमन चार माणसं घेऊन आले. मी तेव्हा तिथेच होतो. चेअरमननी मोरीत डोकावून पाहिलं आणि रुमाल नाकाला लावला. "साहेब, आ शुं छे?"

"पाहुणे आहेत."

"खावा माटे?"

"छे! हे तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या झुरळांचे चुलते. आतून सगळं एकच. रांगसुद्धा एकच."

झुरळाचं नाव ऐकून चेअरमन ताठ झाले. "अमारा घरमां वांदा? कदी नहि!"

"सिंकखाली बघा ना."

हे बोलायला नको होतं. प्लेगच्या साथीनंतरच्या त्या वर्षांत अख्खं शहर झाडूनपुसून लख्ख झालं होतं आणि झुरळ असणं ही नुसती घाण नव्हती, नामुष्की होती. त्याच आठवड्यात सोसायटीची सभा भरली. खेकड्यांचा विषय बाजूलाच राहिला. आमच्या सोसायटीत एकाही घरात झुरळ नाही, असा ठराव हात वर करून एकमताने मंजूर झाला. सरांनीही हात वर केला. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "खरंच आहे ना. मला प्रॅक्टिकलला लागतात ती चलथाणहून आणावी लागतात." ते खरं होतं. तिथल्या ऊसतोडीच्या वस्तीत माझे मामा राहायचे, त्यांच्याकडून मीच डब्यात भरून आणायचो. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो की शेजारची बाई विचारायची, "घरचं जेवण का?"

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा प्राचार्यांनी जाहीर केलं की अमेरिकेतले साहेब परत येणार नाहीत असं दिसतं, म्हणून ती जागा आता कायमची भरायची. उमेदवारांनी समितीपुढे एकेक धडा शिकवायचा. वर्ग भरलेला दिसावा म्हणून आम्हालाच बाकांवर बसवलं. पहिल्या रांगेत समिती. प्राचार्य, बाहेरगावचे एक तज्ज्ञ, आणि संस्थेचे मुख्य विश्वस्त. विश्वस्त म्हणजे एक मोठे शेठ; त्यांची लूम्सची बरीच खाती होती. त्या दिवसांत त्यांच्या खात्यांतले बदली कामगार कायम करा म्हणून दाराशी बसत होते. आमच्या गल्लीतलेही काही त्यांत होते. पण कॉलेज आणि कारखाना या माझ्या मनात दोन वेगळ्या जागा होत्या. सरांच्या मनात तर त्या कधी वेगळ्या नव्हत्याच.

पहिल्या उमेदवाराने बाजारातून आणलेला तक्ता टांगून बेडकाचं हृदय शिकवलं. शेठ मान डोलवत होते. बेडकाशी त्यांचं काही वैर नव्हतं.

मग सर उठले. इस्त्रीचा शर्ट होता, खिसा मात्र काडेपेट्यांनी फुगलेला. सुरुवात झक्क झाली. कवच, कात, कच्चा माल, टप्पे. कारखान्याची गोष्ट ऐकून शेठ पुढे सरकून बसले. मला बरं वाटलं. कोसाडने मला कोपराने ढोसलं, "जमलं रे." आणि सर बदलीवर आले.

"एक मिनिट," शेठनी हात वर केला. "आ बदलीवाळो पछी गयो नहि?"

"नाही शेठ. राहिला."

"कायम?"

"कायमच. कोट्यवधी वर्षं झाली, अजून कामावर आहे!" सरांचा चेहरा उजळला होता. त्यांना वाटलं, शेठ रंगलेत.

"नोटीस आपीने काढी न शकाय?"

"काढला तर झुरळ मरतं, शेठ."

बाकांवर कोणीतरी खुसखुसलं. शेठनी मागे वळून पाहिलं आणि खुसखुस थांबली. "अने पेलो जूनो माणस?"

"तोही कायम. दोघंही कायम. म्हणून तर वाढ झाली! ज्या कारखान्यानं बदलीवाल्याला हाकललं, तो आहे तिथंच राहिला."

"बेउ कायम," शेठ प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "पछी शेठ शुं खाय?"

प्राचार्यांना घाम फुटला. तज्ज्ञांनी सावरायला इंग्रजीत विचारलं की याला आधार कोणता. सरांनी मोकळेपणाने सांगितलं की रसायनाचा आधार पुस्तकात आहे आणि बाकीचा भेस्तानला. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. मी उभा राहिलो. उभं राहायचं का बसायचं, कोणी सांगेना. शेठनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तारा पप्पा शुं करे?"

"मागावर आहेत, शेठ," मी म्हणालो.

शेठनी मान हलवली. त्यांच्या मनात काय ते पक्कं झालं. जाता जाता ते प्राचार्यांना काय बोलले ते दारापर्यंत ऐकू आलं. "आ युनियनवाळाने कोणे राख्यो छे?"

समितीने कोणालाच कायम केलं नाही. चर्चेत असं निघालं की अमेरिकेतल्या साहेबांनी राजीनामा दिलेला नाही आणि रजा पुढे चालवणंच संस्थेच्या हिताचं आहे. मात्र रजा बदलली. बेडकाचं हृदय शिकवणारे त्या खोलीत आले, तात्पुरते. पाटी तीच राहिली. सरांचं शिकवणं वातावरणाला पोषक नाही, एवढंच त्यांना सांगण्यात आलं.

काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी ओठांवर बोट ठेवून दार उघडलं. सर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं खेकडा कात टाकतोय. मोरीत पाहिलं, खेकडे मजेत होते. सर न वळता म्हणाले, "भेस्तान, हळू बोल. मऊ आहे अजून."

मी चवड्यांवर मागे सरलो. चहा घेतला आणि आलो.

पुढे मी एम.एस्सी. केलं. तोवर सरांनी सोसायटी सोडली होती. ओलपाडकडे कुठेतरी आहेत एवढंच कळलं होतं. एक दिवस कॉलेजातून बोलावणं आलं. बेडकाच्या हृदयवाल्यांना दुसरीकडे कायम नोकरी मिळाली होती. जागा रिकामी होती, तात्पुरती. घरी सांगितलं तेव्हा आप्पांनी विचारलं, "पक्कं काम का?"

"नाही आप्पा. बदली."

"मंग लागनास कामले!" आप्पा म्हणाले आणि गल्लीत पेढे वाटले. आमच्या गल्लीत सगळे बदलीवरूनच आत आले होते.

रुजू होण्याआधी सरांना सांगायला हवं होतं. ओलपाडपासून पुढे, खाडीच्या काठी, पूर्वी जिथे नुसती खारट जमीन होती तिथे कोळंबीची तळी झाली होती. मी शोधत गेलो तर सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावर उभे. केस पूर्वीसारखेच, खिसा पूर्वीसारखाच.

"अरे भेस्तान!" त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बुटांकडे पाहिलं. "काहून आला? पेपर तपासायला लावलं का तुले?"

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणाच्या रजेवर?"

"त्यांच्याच, सर."

"म्हणजे आलेच नाही अजून." ते इतके हसले की बांधावरचा बगळा उडाला. मग म्हणाले, "चुकायची मुभा असते बघ बदलीवर. वापरून घे."

सर आता तळ्यांच्या मालकाकडे कामाला होते. इथे कोळंबी कात टाकते त्यावर सगळं चालतं. कधी टाकेल, एकदम टाकतील का, मऊ असताना एकमेकींना खातील का, खाण्यात काय कमी पडलं. मालकाला एन्झाइम शब्द माहीत नव्हता, पण रोज सकाळी चहाआधी तो सरांना एकच प्रश्न विचारायचा. सरांनी आयुष्यभर लोकांना विचारला तोच: कात टाकली का?

"पण सर, तुम्ही तर कोळंबी..."

"तोंडात घालत नाही. मालक म्हणतो, म्हणूनच ठेवलाय तुम्हाला."

मला विचारायचं होतं ते विचारायला मी बराच वेळ लावला. काकू पत्र्याच्या खोलीतून चहा घेऊन आल्या. त्यांची मोरी आता रिकामी होती, हे त्यांनी मला आपणहून सांगितलं. शेवटी मी म्हणालो, "सर, इथे तुम्ही कायम आहात का?"

"कोणाच्या जागेवर कायम होऊ?" सर म्हणाले. "ही जागाच आधी नव्हती, बाप्पा."

तेवढ्यात पलीकडच्या तळ्यावरून मालकाची हाक आली. "साहेब! जल्दी आवो! आ बधी नरम थई गई!" सरांनी अर्धा कप माझ्या हातात दिला, ओठांवर बोट ठेवून मला आणि काकूंना दोघांनाही गप्प केलं, आणि चवड्यांवर पळत सुटले.

मी दोन कप हातात घेऊन खोलीपाशी आलो. ते खाली ठेवताना दाराकडे लक्ष गेलं. पत्र्याच्या दारावर पांढऱ्या रंगाने रंगवलेली पाटी होती. तिच्यावर त्यांचंच नाव होतं.